ठिपक्यांचा ताळा

फोंड्यातील एका लहान पेढीचा जमाखर्च मी गेली वीस वर्षे सांभाळते आहे. दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळले तेव्हा रसायनशास्त्राचे पुस्तक मिटले, आणि ते पुन्हा उघडण्याचे काही कारण आयुष्यात येईल असे मला वाटले नव्हते. ते कारण गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातून आले. माझ्या बहिणीची मुलगी अकरावीसाठी आमच्या घरी राहू लागली आणि रासायनिक बंधांवरच्या पहिल्याच चाचणीत तिला वीसपैकी सहा गुण पडले. उत्तरपत्रिकेत शब्द फारसे नव्हतेच; मूलद्रव्यांची चिन्हे, त्यांच्याभोवती पेन्सिलीचे ठिपके आणि त्या ठिपक्यांवर मारलेल्या लाल फुल्या एवढाच ऐवज होता. कुठे चुकले, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “मावशी, फळ्यावरचे चित्र बरोबर असते आणि माझे चूक असते, एवढे कळते. का चूक, ते कळत नाही.” गुणांपेक्षा हे वाक्य मला अधिक टोचले, कारण आकडा का चुकला हे न कळता खोडरबर चालवणारी माणसे मी पेढीत पाहिली आहेत.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सहा आठवडे होते आणि पुढची चाचणी चवथीच्या सुटीनंतर होती. तोपर्यंत रोज संध्याकाळी तासभर सोप्यावर बसून दोघींनी लुईस संरचना, म्हणजे रेणूतले इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी ही चित्रे, शिकायच्या असे ठरले. शिकवणारे कोणी नव्हते. पुस्तक एनसीईआरटीचे, म्हणून इंग्रजी. आमचे बोलणे कोंकणीत. आणि माझी शाळा मराठी असल्यामुळे माझी टिपणे मराठीत. बंधात न गुंतता एकाच अणूपाशी राहिलेल्या दोन इलेक्ट्रॉनांना मी वहीत ‘एकाकी जोडी’ म्हटले, तेव्हा भाची हसून म्हणाली की जोडी असेल तर ती एकाकी कशी. तिचे म्हणणे खोटे नव्हते, पण शब्द तोच राहिला.

सुरुवात सोपी होती आणि म्हणूनच फसवी होती. अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन, तेवढे ठिपक्यांनी दाखवायचे: हायड्रोजनचा १, कार्बनचे ४, नायट्रोजनचे ५, ऑक्सिजनचे ६, क्लोरीनचे ७. दोन अणूंनी वाटून घेतलेली ठिपक्यांची जोडी म्हणजे एक बंध, आणि ती जोडी दोघांच्याही खात्यावर मोजायची. अशा मोजणीत हायड्रोजनभोवती २ आणि बाकीच्यांभोवती ८ इलेक्ट्रॉन भरले की काम झाले. आम्ही दोघींनी शाळेत ऐकलेली ‘हातांची’ रीत धरली: कार्बनला चार हात, नायट्रोजनला तीन, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक; हातात हात घालायचे. पाणी, अमोनिया आणि मिथेन या रीतीने एकाच संध्याकाळी उरकले. अमोनियात नायट्रोजनवरची एकाकी जोडी मी आधी विसरले, कारण तिन्ही हात गुंतल्यावर माझ्या दृष्टीने नायट्रोजनचे काम संपलेले होते. हातांच्या रीतीत जे गुंतले नाही ते दिसतच नाही, हा तिचा पहिला दोष मला तेव्हा जाणवायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी कार्बन डायऑक्साइड घेतला. मी मधे कार्बन मांडला, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन मांडले, एकेक रेघ ओढली आणि ऑक्सिजनांभोवती तीन-तीन जोड्या भरून त्यांचे अष्टक पुरे केले. मग पाहते तो कार्बनभोवती चारच इलेक्ट्रॉन. अष्टक पुरे करायचे आहे एवढे डोक्यात पक्के असल्यामुळे मी कार्बनच्या वर एक जोडी आणि खाली एक जोडी टाकून दिली. चित्र फार सुबक दिसत होते. भाचीने पेन्सिलीचे टोक टेकवत सगळे ठिपके मोजले, रेघेचे दोन धरले, आणि विचारले, “मावशी, हे वीस झाले. चार अधिक सहा अधिक सहा म्हणजे सोळा. वरचे चार कुठून आले?”

ते माझ्या पदरचे होते. तेरीज, म्हणजे खात्यांची बेरीज, जुळत नाही म्हणून नसलेली रक्कम खात्यात घालण्याचा प्रकार मी केला होता, आणि तोही सोळा वर्षांच्या मुलीसमोर. पण त्या क्षणापासून हा विषय माझ्या ओळखीचा झाला. आमची दोघींची चूक एकच होती: प्रत्येक अणूचे आपापले भागवण्याच्या नादात संपूर्ण रेणूकडे एकूण किती इलेक्ट्रॉन आहेत हे आम्ही आधी लिहीतच नव्हतो. इलेक्ट्रॉन अणूंनी आणलेले असले तरी रेणू झाल्यावर पुंजी सगळ्यांची मिळून एक असते. ती आधी मोजायची, वहीत वरच्या कोपऱ्यात लिहायची, आणि शेवटी चित्रातले ठिपके मोजून तोच आकडा येतो का ते पाहायचे. उत्तरपत्रिकेतल्या लाल फुल्या आम्ही या नजरेने पुन्हा तपासल्या, तर सातांपैकी पाच चित्रांत ठिपके एकतर जास्त होते किंवा कमी होते. कोणत्या चित्रात काय चुकले हे भाचीला प्रथमच स्वतःहून सांगता आले.

यातूनच एक आकडेमोड हाती लागली. प्रत्येक अणूला स्वतंत्रपणे जेवढे इलेक्ट्रॉन हवेत त्यांची बेरीज ही गरज. हातात आहेत ते शिल्लक. आणि गरजेतून शिल्लक वजा केली की जी तूट राहते तेवढे इलेक्ट्रॉन वाटून घ्यावे लागणार, कारण वाटून घेतलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन दोनदा मोजला जातो. तुटीचे निम्मे म्हणजे बंधांची संख्या. कार्बन डायऑक्साइडमध्ये तीन अणूंची गरज २४, शिल्लक १६, तूट ८, म्हणून बंध ४. जागा दोनच आहेत, तेव्हा दोन्हीकडे दुहेरी बंध. पाण्यात गरज १२, शिल्लक ८, तूट ४, बंध २. हायड्रोजन सायनाइडमध्ये गरज १८, शिल्लक १०, बंध ४. त्यांतला एक हायड्रोजन आणि कार्बनमधला, उरलेले तीन कार्बन आणि नायट्रोजनमधले. दुहेरी बंध आणि तिहेरी बंध हे कोणाला तरी सुचलेले चातुर्य नसून तूट भरून काढण्याची निकड आहे, हे मला एखाद्या व्याख्येपेक्षा या वजाबाकीने अधिक नीट समजावले.

मध्यभागी कोणता अणू ठेवायचा याचा नियम पाठ करणे भाग होते: ज्याची विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची हाव, सर्वांत कमी तो मधे, पण हायड्रोजन कधीच नाही, कारण त्याला एकच बंध करता येतो. नायट्रस ऑक्साइडमध्ये मी ऑक्सिजन मधे ठेवून बसले होते, दोन नायट्रोजन दोन बाजूंना, समईसारखे सारखे दिसते म्हणून. प्रत्यक्षात तिथे नायट्रोजनला नायट्रोजन जोडलेला असतो आणि ऑक्सिजन टोकाला असतो. दिसायला सारखे असण्याचा इथे काही उपयोग नाही.

पुस्तकात गिल्बर्ट लुईस यांच्याविषयी मोजक्या ओळी आहेत. अणूच्या बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन एका घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसलेले आहेत अशी त्यांची कल्पना होती. तिची कच्ची चित्रे त्यांनी १९०२ मध्येच काढून ठेवली होती. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथून त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला त्यात दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी म्हणजे बंध, हा विचार आला. मी भाचीच्या जुन्या खेळण्यांतले दोन ठोकळे घेऊन पाहिले. दोन घनांची एक कड जुळवली की दोन कोपरे सामाईक होतात, हा एकेरी बंध. एक संपूर्ण बाजू जुळवली की चार कोपरे सामाईक होतात, हा दुहेरी. पण सहा कोपरे सामाईक होतील अशा रीतीने दोन घन जुळवताच येत नाहीत. नायट्रोजनच्या रेणूत तर तिहेरी बंध आहे. लुईस यांनी त्याच निबंधात घनाला चिकटून न राहता कोपऱ्यांवरच्या इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या केल्या, आणि आज आपण काढतो ते ठिपके त्या जोड्यांचे आहेत. ‘सहसंयुज’ म्हणजे कोव्हॅलंट हा शब्द मात्र त्यांचा नाही. तो अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१९ मध्ये रूढ केला.

तिसऱ्या आठवड्यात फॉर्माल्डिहाइड आले. २०१८ च्या जुलैमध्ये मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गोव्यात जो गदारोळ झाला होता त्यामुळे हे नाव आमच्याकडे स्वयंपाकघरातही माहीत आहे. फॉर्मेलिन म्हणजे याच वायूचे पाण्यातले द्रावण. कार्बन एक, ऑक्सिजन एक, हायड्रोजन दोन. शिल्लक १२, गरज २०, बंध ४. मी एक हायड्रोजन कार्बनला आणि दुसरा ऑक्सिजनला जोडला, मधे दुहेरी बंध ओढला, दोघांवर एकेक एकाकी जोडी ठेवली. भाचीने दोन्ही हायड्रोजन कार्बनला जोडले, ऑक्सिजनकडे दुहेरी बंध नेला आणि ऑक्सिजनवर दोन एकाकी जोड्या ठेवल्या. दोन्ही चित्रांत ठिपके बारा, दोन्हींत अष्टके पुरी. तेरीज दोन्हींची जुळत होती आणि तरी रेणू एकच होता.

इथे फॉर्मल चार्ज, म्हणजे औपचारिक प्रभार, उपयोगी पडला. तो काढण्यासाठी अणूने मुळात आणलेले इलेक्ट्रॉन घ्यायचे, त्यांतून त्याच्यापाशी एकाकी राहिलेले सगळे वजा करायचे आणि त्याच्या बंधांची संख्या वजा करायची. गणिताचे उत्तर उलट्या वाटेने तपासण्याला आपण ताळा करणे म्हणतो, तसाच हा प्रत्येक अणूचा ताळा आहे. भाचीच्या चित्रात ऑक्सिजनचे ६ वजा ४ वजा २ म्हणजे शून्य, कार्बनचे ४ वजा ४ म्हणजे शून्य. माझ्या चित्रात कार्बनचे ४ वजा २ वजा ३, म्हणजे उणे १. ऑक्सिजनचे ६ वजा २ वजा ३, म्हणजे अधिक १. इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची हाव कार्बनपेक्षा ऑक्सिजनला जास्त, आणि माझ्या चित्रात नेमका ऑक्सिजनच देणेकरी ठरला होता. ते चित्र बाद झाले.

म्हणून कार्बन मोनॉक्साइडचे उत्तर आले तेव्हा मला ते चुकलेच आहे असे वाटले. शिल्लक १०, गरज १६, तूट ६, बंध ३, दोघांवर एकेक एकाकी जोडी. ताळा केला तर कार्बनवर उणे १ आणि ऑक्सिजनवर अधिक १. नुकतेच जे कारण देऊन मी माझे चित्र खोडले होते तेच इथे उभे राहिले. दुहेरी बंध काढून दोघांनाही शून्यावर आणता येते, पण मग कार्बनभोवती सहाच इलेक्ट्रॉन उरतात. पुस्तकात तिहेरी बंधच काढलेला आहे. पुढे वाचनात आले की या रेणूत विद्युतप्रभाराचा जो अगदी किंचित कल मोजला गेला आहे तो खरोखरच कार्बनच्या बाजूला ऋण आहे, आणि बंद खोलीत शेगडीच्या धुराने माणूस गुदमरतो तेव्हा हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहाला कार्बनच्याच टोकाने चिकटतो. वहीतल्या दोन ठिपक्यांची ती एकाकी जोडी कुठे जाते हे कळल्यावर मी पुन्हा कधी एकाकी जोडी काढायला विसरले नाही.

सर्वांत जास्त दिवस कार्बोनेटने घेतले. आमच्या जुन्या घराच्या एका खिडकीला अजून शिंपल्यांची तावदाने आहेत, आणि ती तावदाने काय, खाऊन टाकलेल्या ‘तिसऱ्या’ नावाच्या शिंपल्यांची टरफले काय, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहेत. कार्बोनेट आयनावर दोन ऋण प्रभार असल्यामुळे शिल्लक मोजताना चार अधिक अठरा यांत दोन मिळवावे लागतात. उणे चिन्ह पाहून मिळवायचे हे भाचीला पटायला वेळ लागला. मी तिला सांगितले की इलेक्ट्रॉन स्वतः ऋण असल्यामुळे जितका ऋण आकडा मोठा तितकी पुंजी जास्त. आमच्या पेढीत मात्र नेमके उलटे असते. शिल्लक २४, गरज ३२, बंध ४, आणि ऑक्सिजन तीन. एका ऑक्सिजनला दुहेरी बंध, दोघांना एकेरी, त्या दोघांवर उणे १. पण दुहेरी बंध कोणाला? मी वरच्याला दिला होता, भाचीने उजवीकडच्याला. तिसरे चित्रही तितकेच योग्य होते.

एका व्यवहाराच्या तीन वेगवेगळ्या नोंदी आणि तिन्ही बरोबर, ही गोष्ट माझ्या गळी उतरेना. रेझोनन्स हा शब्द पुस्तकात होता आणि मी त्याचा अर्थ असा लावला की दुहेरी बंध तीन जागी भराभर फिरत असणार, पत्त्यांचा डाव फिरतो तसा. तीन दिवस मी भाचीला असेच सांगत होते आणि ते चूक होते. कॅल्साइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच, स्फटिकात कार्बन आणि ऑक्सिजनमधले अंतर मोजले तर तिन्ही बंध सारखेच, सुमारे १.२८ आंगस्ट्रॉमचे भरतात. साध्या एकेरी बंधाचे अंतर सुमारे १.४३ आणि दुहेरीचे सुमारे १.२ असते. म्हणजे तीन चित्रांपैकी एकही रेणू कधीच अस्तित्वात नसतो; जो असतो तो तिन्हींच्या मधला आणि कायम तसाच असतो. चार जोड्या तीन जागांत वाटल्या तर प्रत्येकी एक पूर्णांक एक तृतीयांश बंध येतो, आणि दोन ऋण प्रभार तिघांत वाटले तर प्रत्येकी दोन तृतीयांश. जमाखर्चात अपूर्णांक लिहिता येतो. पेन्सिलीच्या रेघेला तो लिहिता येत नाही, म्हणून तीच नोंद तीनदा करून मधे दोन्हीकडे टोक असलेला बाण काढायचा. अडचण रेणूची नसून आमच्या लिपीची आहे हे लक्षात आले त्या रात्री मी भाचीला झोपेतून उठवायची बाकी ठेवली होती.

माझ्या माहेरी, सत्तरीत, हंगामात बोंडूंच्या रसाची भट्टी लागते. पहिल्या धारेचा उराक आणि पुन्हा ऊर्ध्वपातन करून फेणी. म्हणून इथेनॉल आम्ही हौसेने घेतले. कार्बन दोन, हायड्रोजन सहा, ऑक्सिजन एक: शिल्लक २०, गरज ३६, बंध ८. भाचीने दोन्ही कार्बन एकमेकांना जोडून टोकाला ऑक्सिजन आणि त्याला हायड्रोजन दिला. मी मात्र ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधे ठेवला. दोन्हींत बंध आठ, ठिपके वीस, आणि ताळा केला तर प्रत्येक अणूवर शून्य. या वेळी मात्र कोणाचेच चित्र बाद झाले नाही. तिचे इथेनॉल, ७८ अंश सेल्सिअसला उकळणारे. माझे डायमिथाइल ईथर, उणे २४ अंशांनाच उकळून वायू होणारे. माझ्या चित्राची फेणी भाणातून, म्हणजे भट्टीवरच्या हंड्यातून, बाटलीत उतरलीच नसती. ऑक्सिजनवरचा तो एक हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या एकाकी जोडीकडे ओढला जातो आणि रेणूंना धरून ठेवतो, तेवढ्याने शंभराहून अधिक अंशांचा फरक पडतो.

आकाराचा विषय आम्ही थोडक्यात आटोपला. वहीत पाणी सरळ रेषेत काढले तरी ठिपके बरोबर असू शकतात, मात्र खऱ्या पाण्याच्या रेणूतला कोन १०४.५ अंशांचा आहे. ठिपक्यांवरून तो ओळखण्याची रीत गिलेस्पी आणि नायहोम या रसायनशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये मांडली आणि ती पुढच्या पानांवर आहे. अपवादांपैकी नायट्रिक ऑक्साइड मला आवडले. तिथे शिल्लकच ११, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहणारच. गरज १६ धरली तर तूट ५ आणि बंध अडीच येतात. मी हसून खोडणार होते, तर पुस्तकात पुढे दुसऱ्याच सिद्धांताने काढलेला आकडाही अडीचच निघाला. ऑक्सिजनच्या रेणूने मात्र निराश केले: दुहेरी बंध, सगळ्या जोड्या नीट लागलेल्या, तेरीज पक्की, आणि तरी द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अडकून राहतो, जे जोडीविना राहिलेल्या इलेक्ट्रॉनांशिवाय घडत नाही. ठिपक्यांत याचे उत्तर नाही.

चवथीच्या आदल्या आठवड्यात शेवटचा रेणू घेतला तो सल्फ्युरिक ॲसिडचा, कारण पावसाने वीज गेली होती आणि सोप्यावरचा दिवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालला होता, जिच्यात तेच ॲसिड भरलेले असते. शिल्लक ३२, गरज ४४, तूट १२, बंध ६: दोन ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधले, चार गंधक आणि ऑक्सिजनमधले, सगळे एकेरी. ताळ्यात गंधकावर अधिक २ आणि दोन ऑक्सिजनांवर उणे १ आले. पुस्तकातले चित्र वेगळे होते. तिथे दोन ऑक्सिजनांकडे दुहेरी बंध होते, प्रत्येक अणूवर शून्य होते आणि गंधकाभोवती आठऐवजी बारा इलेक्ट्रॉन होते. ठिपके दोन्हीकडे बत्तीसच. मी आणखी वाचले, तर अलीकडची आकडेमोड आमच्या चित्राच्या बाजूला झुकते, पण शिकवण्यात दुसरे चित्र अजून रूढ आहे, असे दिसले.

“परीक्षेत कुठले काढू?” भाचीने विचारले. मी म्हणाले, पुस्तकातले काढ, आणि बाजूला बत्तीस लिही. तिने चाचणीत तसेच केले. आमच्या वहीत डाव्या पानावर पुस्तकातले चित्र आहे, उजव्या पानावर आमचे, आणि दोन्हींच्या वरच्या कोपऱ्यात ३२ हा आकडा तिच्या अक्षरात आहे.